मणी, सेल्वी आणि दहा पावलांचं अंतर

आमच्या तंजावुरात मला 'नाय टीचर' म्हणतात. तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा. भाचीच्या लग्नात पुण्याहून आलेल्या एका बाईंशी कुणीतरी माझी ओळख करून दिली, "ह्या नाय टीचर." बाईंना वाटलं, मी टीचर नाही एवढंच सांगितलं जातंय. त्यांनी मोठ्या सहानुभूतीने विचारलं, "मग काय करता?" मी म्हटलं, "कुत्र्यांना अनोळखी माणसांची आणि अनोळखी कुत्र्यांची सवय लावते." बाईंनी पुन्हा तितक्याच सहानुभूतीने मान हलवली आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी एक पोळी वाढायला लावली.

त्या एकट्या नव्हेत. घरातल्यांनाही माझं काम नीट कळलेलं आहे अशातला भाग नाही. म्हणून संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी हो म्हटलं. वडिलांनी लहानपणी हट्टाने बालबोध लिपी शिकवली, ती इतक्या वर्षांनी उपयोगी पडते आहे. भाषा मात्र तंजावरी वळणाची आहे. काही वाक्यं संपादकांनी सरळ केलीत, काही माझ्या हट्टाने वाकडीच राहिली आहेत.

मी सव्वीस वर्षं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात फार्मासिस्ट होते. तिथे गाई, म्हशी, शेळ्याच जास्त. अधूनमधून कुत्रा आला की पट्टीच्या कापडाने त्याचं तोंड बांधायचं काम माझ्याकडे असे, कारण माझा हात चपळ होता. चावरा कुत्रा समजून मी शेकडो तोंडं बांधली. मग बांधता बांधता त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष जायला लागलं. डोळ्यांतला पांढरा भाग दिसतोय, कान मागे चिकटलेत, काही खाल्लेलं नसताना कुत्रा ओठ चाटतोय, झोप आलेली नसताना जांभई देतोय. दहांतले नऊ कुत्रे रागावलेले नसतच, भ्यालेले असत. निवृत्त झाल्यावर मी तेच काम उलट्या बाजूने करायला घेतलं: तोंड बांधायची वेळच येऊ नये, यासाठी.

लोकांना वाटतं, माझ्याकडे कुत्रा शिकला म्हणजे तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्यात पडेल. तसं नाही. परका दिसला म्हणजे संकट आलं, असं त्याला वाटू नये, एवढंच माझं काम. पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत हे फार सोपं असतं. त्या वयात जे बघेल, ऐकेल, हुंगेल ते त्याला आपल्या जगातलं वाटतं. लशी पुऱ्या झालेल्या नसतील तर पिल्लाला खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन बसस्टँडवर पाच मिनिटं उभे राहा, असं मी सांगते. छत्रीवाला दिसू दे, हेल्मेटवाला दिसू दे, काठी टेकत येणारे आजोबा दिसू देत. मोठ्या कुत्र्याला हेच शिकवायला महिने लागतात. तिथे दोनच हत्यारं चालतात, अंतर आणि खाऊ. ज्या अंतरावर कुत्रा परक्याला बघतो पण अंग आखडत नाही, तिथे थांबायचं. परका दिसला की उकडलेल्या चिकनचा तुकडा, परका गेला की तुकडा बंद. कुत्र्याचं अंग सैल पडलं की पुढच्या वेळी एक पाऊल जवळ. तो गुरगुरला तर ओरडायचं नाही. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती दाबली की पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावतो.

एक नृत्य शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांचं पांढरं पॉमेरेनियन घुंगरांवर भुंकून क्लास बंद पाडायचं. मी त्यांना सांगितलं, आठवडाभर कुत्र्याच्या जेवणाच्या वेळी दोन खोल्या पलीकडे एकच घुंगरू वाजवा. बाई म्हणाल्या, "टीचर, एका घुंगराने नाच कसा व्हायचा?" क्लास काही त्यांनी थांबवला नाही, पण बाई ऐकणाऱ्या होत्या, जेवणाच्या वेळचं घुंगरू त्यांनी नेमाने वाजवलं. आज तो कुत्रा क्लास सुरू झाला की चटईच्या कडेला झोपतो. असे यशाचे किस्से माझ्याकडे बरेच आहेत आणि मला ते सांगायला आवडतात. पण मला खरं काम ज्याने शिकवलं तो किस्सा यशाचा नाही, निदान सुरुवातीला तरी नव्हता.

माधवराव वीज मंडळातून निवृत्त झालेले, आमच्यातलेच, म्हणजे तंजावरी मराठी, सत्तरी ओलांडलेले. गावाबाहेर कालव्याकडे जी नवी नगरं, म्हणजे वसाहती, झालीत त्यांतल्या एका बैठ्या घरात एकटे राहत. लॉकडाउनच्या आदल्या महिन्यात त्यांची बायको गेली. मुलगी कोइंबतूरला. बाबांना सोबत हवी म्हणून तिने कुणाकरवी राजपाळयम जातीचं पिल्लू पाठवलं. पांढरंशुभ्र, गुलाबी नाकाचं, पुढे वासराएवढं वाढणारं. माधवरावांनी त्याचं नाव मणी ठेवलं. आमच्या गावात 'मणी' म्हणून हाक मारली तर चार कुत्रे आणि दोन माणसं वळून बघतात, इतकं ते नाव घरोघरचं.

ज्या महिन्यांत पिल्लाने जग बघायचं, त्या महिन्यांत फाटक बंद होतं. मणीने माधवरावांखेरीज माणूस पाहिला नाही. नंतर जग उघडलं, पण फाटक उघडलं नाही. मला त्यांनी बोलावलं तेव्हा मणी तीन वर्षांचा झाला होता. फाटकाच्या गजांमधून आमचं पहिलं बोलणं झालं. आत मणी दोन पायांवर उभा राहून छाती फुटेस्तोवर भुंकत होता.

"टीचर, हा कोणास आत येऊ देत नाही," माधवराव ओरडून सांगत होते. "गॅसचा सिलिंडर मी स्वतः रस्त्यावरून लोटीत आणतो. मजला हे झेपेना आता."

"आणि तुम्ही बाहेर कधी जाता?"

त्यांनी मणीचा पट्टा धरून त्याला खाली ओढलं. मग म्हणाले, "मी तरी कोठे जातो?"

त्या दिवशी मला कळलं, मला दोघांना बाहेर काढायचं आहे.

माझ्याकडे तेव्हा राधा होती. रस्त्यावरून आणलेली, म्हातारी, एका कानाची, कमालीची शांत. दुसऱ्या कुत्र्याकडे न बघता चालत राहायचं, ही तिची विद्या. दोन अनोळखी कुत्र्यांना तोंडासमोर तोंड करून भेटवायचं नसतं. त्यांना एकाच दिशेने, मधे भरपूर जागा ठेवून चालवायचं. सकाळी कालव्याच्या एका काठाने मी आणि राधा, दुसऱ्या काठाने माधवराव आणि मणी. मधे कावेरीचं पाणी. पहिल्या दिवशी मणीने सगळा काठ भुंकून काढला. चौथ्या दिवशी तो मधूनच थांबून गवत हुंगायला लागला. दुसऱ्या कुत्र्यासमोर गवत हुंगणारा कुत्रा बघितला की मला भरून येतं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही एकाच काठावर आलो, तीस पावलं सोडून. दोन महिन्यांनी राधा आणि मणी एकमेकांच्या मागच्या बाजूला तीन सेकंद हुंगून आपापल्या वाटेला लागले. तीन सेकंद झाले की बोलावून घ्यायचं असतं, त्यांना वाद घालायला वेळ द्यायचा नसतो.

माणसांचीही सवय होत होती. दूधवाला, रस्ता झाडणाऱ्या बाई, सगळे दहा पावलांवरून जात आणि मणी माधवरावांकडे मान वर करून तुकडा मागे. माधवराव तर नगरातल्या लोकांशी बोलायला लागले होते. कालव्याच्या पुलावर उभं राहून भाताच्या रोपांबद्दल कुणाशी तरी वाद घालताना मी त्यांना पाहिलं, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तिथेच मी घसरले.

सेल्वी त्या नगरात फुलं विकायची. चाळिशीची, तिरुवैयारूच्या पलीकडच्या खेड्यातून पहिल्या बसने येणारी. कमरेवर टोपली, टोपलीत कदंबम, म्हणजे मोगरा, अबोली, दवणा एकत्र गुंफलेली आमच्या तंजावुरची माळ. "पूऽ, पूवे!", म्हणजे फुलंऽ, फुलं, अशी तिची हाक आली की घड्याळ बघावं लागत नसे. ती रोज मणीच्या दहा पावलांवरून जाई. कुत्र्यांची तिला मुळात आवड नव्हती. भीतीही नव्हती. रस्त्यात खड्डा असावा तसा कुत्रा, बाजूने जायचं.

त्या सकाळी माधवराव आणि मी मणीला फिरवून परतलो तेव्हा नगरातल्या दोन बायका फाटकाशी उभ्या होत्या. एक म्हणाली, "काय जादू केलीत टीचर! अगदी कोकरू झालाय." दुसरीने विचारलं, "हात लावला तर चालतो?" मी म्हणायला हवं होतं की नाही. अजून चार महिने तरी नाही. पण तेवढ्यात सेल्वी आली आणि मी तिला हाक मारली.

"सेल्वी, ये गं. हात पुढे कर, बघ कसा शहाण्यासारखा हुंगतो."

"वेणाम अक्का," ती म्हणाली. नको.

"अगं ये. मी आहे ना."

माझ्या वयाच्या आणि कामाच्या बाईला ती तरी किती वेळा नको म्हणणार? ती आली. मणीने ओठ चाटले. मान दुसरीकडे वळवली. तोंड मिटलं आणि तो जागच्या जागी थिजला. हे सगळं मी पाहिलं. याच खुणा मी इतरांना शिकवत आले आहे. तरी मनात म्हटलं, एक क्षण आणखी, जमेल. सेल्वी वाकली, टोपली कमरेवरून सरकली, ती सावरताना सेल्वीचा हात मणीच्या डोक्यावर आला आणि मणीने तो धरला. उजव्या हाताचा, अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग.

एकच चावा होता. सोडलाही लगेच. पण रस्त्यावर पडलेल्या माळांवर रक्त ठिबकत होतं आणि सेल्वी ओरडतही नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

पुढचं सगळं मी बरोबर केलं. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, पट्टी घट्ट बांधू दिली नाही, तिला रिक्षात घालून सरकारी हॉस्पिटलात नेलं. मणीला लस दिलेली होती, तरी तिची सगळी इंजेक्शनं करवून घेतली, जखमेत द्यायचंसुद्धा. ठरलेल्या प्रत्येक तारखेला मी तिच्याबरोबर गेले. चूक करून झाल्यावर माणूस किती व्यवस्थित वागतो!

त्या हाताने तिला माळ गुंफता येईना. केळीच्या सालीच्या धाग्याने फुलं बांधायची तर अंगठा लागतोच. मी तिच्या गावी जाऊन तिच्या ओसरीवर गुंफायला बसले. माझी माळ बघून तिची सासू पदराआड हसली आणि सेल्वी म्हणाली, "अक्का, ही देवाला नाही चालायची. म्हशीला घालू."

ती हसली म्हणून मला धीर आला आणि मी विचारलं, "अजून दुखतंय का?"

"हाताला कमी आहे," ती म्हणाली. "तो हाताला चावला, पण भीती पायांत गेली, अक्का. बसस्टॉपवर आमच्या गावातले कुत्रे झोपलेले असतात. मी जन्मापासून त्यांच्यातून जाते. आता त्यांना बघून पाय उचलत नाही. काल बस तशीच सोडून दिली."

एका मणीची भीती घालवायला निघालेली मी, एका धडधाकट बाईच्या पायांत भीती घालून बसले होते.

रविवारी सकाळी नगरातल्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळासमोर सगळे जमले. नगराच्या संघाचे सेक्रेटरी म्हणाले, "आठ दिवसांत कुत्रा इथून गेला पाहिजे." कुणी विरोध केला नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. मी उठून सांगितलं की चूक कुत्र्याची नाही, माधवरावांची नाही, माझी आहे. सेक्रेटरी सभ्यपणे म्हणाले, "असेल, पण चावला कुत्रा."

माधवराव खाली बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "पापनाशमजवळ माझ्या चुलत भावाची नारळीची बाग आहे. तेथे बांधून ठेवतो म्हणाला." आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, फक्त मला कळेल असं म्हणाले, "टीचर, त्यास बांधल्यावर मी परत घरी कसा येऊ, ते मात्र सांगा."

सेल्वी टोपली घेऊन देवळाच्या पायरीशी बसली होती. त्या सभेला तिला कुणी बोलावलेलं नव्हतं, ती रविवारची फुलं विकायला आली होती. गुंफलेली नाहीत, सुटी. ती उठून उभी राहिली.

"चावलं कुणाला?" तिने विचारलं. "मला. मग मला कुणी विचारलं का?"

सगळे वळले.

"कुत्रा म्हणाला नको. मी म्हणाले नको. अक्कांनीच दोघांचं ऐकलं नाही." माझ्याकडे बोट न दाखवता, भाजीचा भाव सांगावा तसं तिने हे सांगितलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी इतकं खरं बोललेलं नव्हतं.

सेक्रेटरींनी विचारलं, "मग तुझं म्हणणं काय? राहू द्यायचा?"

"त्याला नारळाला बांधलं म्हणून माझे पाय चालायला लागणार नाहीत. मला त्याच्याशी मैत्री नको. मला रस्ता हवा. तो तोंडाला जाळी लावून बाहेर येऊ दे आणि मी बोलावल्याशिवाय माझ्याजवळ आणू नका." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आणि अक्का, त्याला शिकवलंत तसं मला शिकवा."

तीन महिन्यांची मुदत मिळाली. त्यात एकदा जरी काही झालं, तर पापनाशम.

मणीला मुसकं शिकवणं सोपं होतं. जाळीचं मुसकं घ्यायचं, ज्यात कुत्रा तोंड उघडून धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो. आतून दही माखायचं आणि त्याने आपणहून तोंड घालेपर्यंत नुसतं हातात धरून बसायचं. बारा दिवसांत मुसकं दिसलं की मणी शेपूट हलवत येऊ लागला. हे मी आधीच करायला हवं होतं. तेव्हा मला ते कमीपणाचं वाटलं होतं, आपल्या हाताखाली शिकलेल्या कुत्र्याला मुसकं कशाला म्हणून.

सेल्वीला शिकवायला मी राधाला घेऊन तिच्या गावी गेले. भाताच्या बांधावर राधा आणि मी पलीकडे, सेल्वी अलीकडे. नियम एकच ठरला. तिने तळहात वर केला की आम्ही थांबायचं. का, किती वेळ, काही विचारायचं नाही. पहिल्या दिवशी तिने पन्नास पावलांवर हात वर केला आणि आम्ही तिथेच बसलो. राधा झोपून गेली. मी सवयीने म्हणणार होते, "अगं काही करत नाही ती," पण ओठांपर्यंत आलेलं वाक्य गिळलं. भ्यालेल्या माणसाला हे वाक्य हजार वेळा ऐकवलेलं असतं. त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

बसल्या बसल्या मी तिला कुत्र्याचं अंग वाचायला शिकवलं. शेपूट हलते म्हणजे खूश असं नाही, ताठ आणि उंच हलत असेल तर लांब राहा. कुत्रा अंगावर आला तर पळू नकोस, टोपली पुढे धर, अंगाची एक बाजू त्याच्याकडे करून उभी राहा, डोळ्यांत डोळे घालू नकोस. सेल्वी माझ्याहून हुशार निघाली. दुसऱ्याच आठवड्यात ती बसस्टॉपवरच्या कुत्र्यांबद्दल मला सांगायला लागली, "तो काळा आहे ना, तो भुंकतो पण त्याचं वजन मागच्या पायांवर असतं. तो मला नाही, मी त्याला घाबरवते." एके दिवशी ती म्हणाली, "आज बस पकडली." एवढंच. मी घरी येऊन राधाला अख्खं अंडं दिलं.

दीड महिन्याने सेल्वीने स्वतः सांगितलं, आता मणी. कालव्याच्या दोन काठांपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली, जशी त्याच्यासाठी केली होती. पलीकडे माधवराव आणि मुसकं बांधलेला मणी, अलीकडे सेल्वी आणि मी. मणीने तिला ओळखलं. कान मागे गेले. तिनेही ओळखलं, तिचा श्वास मला ऐकू येत होता. तळहात वर झाला. सगळे थांबले. पलीकडून माधवराव ओरडून म्हणाले, "सेल्वी, सावकाश होऊ दे. आम्हांस कोठे जावयाचे आहे?" ते चुकून मराठीतच बोलले. सेल्वीने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती म्हणाली, "मला फुलं विकायला जायचंय, त्यांना म्हणावं," आणि चालायला लागली.

चाळीस पावलं, तीस, वीस. एकदा पुन्हा पस्तीसवर जावं लागलं, कारण कुणीतरी फटाका उडवला. मुदत संपायला आठवडा राहिला तेव्हा आम्ही बारा पावलांवर होतो आणि त्याहून जवळ जायचं नाही, असं मीच ठरवलं. सेल्वीला घाई नव्हती, मणीला नव्हती, मग मला कशाला?

पण रस्ता आपल्या ठरवण्यावर चालत नाही. त्या आठवड्यातल्या एका सकाळी मी फाटकाशी पोचले तेव्हा माधवराव मणीला घेऊन आधीच गल्लीत निघाले होते. गल्लीच्या एका बाजूला कुणीतरी घर बांधायची वाळू टाकलेली, दुसऱ्या बाजूला गाडी उभी. मधे जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. आणि समोरून "पूऽ, पूवे!" करत सेल्वी त्या वाटेत शिरलेली. मागे वळायला दोघांनाही उशीर झाला होता. मी लांब होते. धावले असते तर मणी बिथरला असता. मी उभी राहिले. तळहात वर होईल म्हणून सेल्वीकडे बघत राहिले.

तिने हात वर केला नाही. टोपली मणीच्या बाजूने काढून कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली, खांदा थोडा वळवला आणि चालत राहिली. माधवरावांनी दोरी सैल सोडलेली होती. ताणलेल्या दोरीतून माणसाची भीती कुत्र्याला पोचते, हे मी त्यांना शंभर वेळा सांगितलं होतं. मणीने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग मान वर करून माधवरावांकडे. त्यांनी जाळीतून तुकडा आत सरकवला. सेल्वीचं लुगडं त्याच्या मिशांना लागलं असेल, इतकी ती जवळून गेली. पुढच्या घराच्या पायरीशी थांबून तिने कोपरापासून बोटांपर्यंत एक हात, अशी त्या उजव्या हाताने माळ मोजून दिली. मागे वळून पाहिलं नाही. मणीनेही नाही. त्याला वाळूत काहीतरी हुंगायला सापडलं होतं.

माधवराव माझ्याजवळ आले. दोरी अजून सैलच होती.

"टीचर, पाहिलेंत?"

"काय?"

"काहीच झाले नाही."

"पाहिलं," मी म्हटलं. "सगळं पाहिलं."